पागोळीखालचं भांडं

आपल्या चंदगडात पाऊस म्हणजे दोन दिवसांचा पाहुणा नव्हे. मृगात आला की गणपतीपर्यंत त्याचा मुक्काम. ताम्रपर्णी दुथडी भरून वाहते. शेतात रोप लावायची घाई असते. आईबाप दोघेही चिखलात. मग घरात कोण उरतं? आजी आणि तीन वर्षांचं पोर. पोर दाराकडं धावतं, भिजतं, रडतं. आजी वैतागते. हल्ली कुणी त्याच्या हातात मोबाईल देतं. पोर गप्प होतं खरं, पण त्याचे हात रिकामेच राहतात.

लहान पोर हातानं शिकतं. कानानं, नाकानं, जिभेनं शिकतं. तुम्ही पहिल्यांदा पाटीवर अक्षर गिरवलंत तेव्हा बोटं कशी अवघडली होती, आठवतं ना? मातीचे गोळे वळलेल्या बोटांना पुढं पेन्सिल धरणं सोपं जातं.

हे आम्ही आमच्या मनानं सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली. बोर्डी आता पालघर जिल्ह्यात आहे. महागडी साधनं खेड्याला परवडणार नव्हती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. असली साधनं तर आपल्या अंगणात पडलेली आहेत.

तर आजीबाई, असं करा. पागोळीखाली एक पितळी भांडं ठेवा, एक मडकं ठेवा, एक पत्र्याचा डबा ठेवा. पोराला उंबऱ्याच्या आत मांडीवर घ्या. डोळे मिटायला सांगा. "टण्ण कोण बोललं? ठप्प कोण बोललं?" पोर ओळखतं, हसतं, पुन्हा ऐकतं. भांडं भरत आलं की आवाज बदलतो, तोही त्याला कळतो. खेळ संपला की भांडी पालथी करा. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडतं, हे विसरू नका.

भाकरी थापताना नाचणीच्या पिठाचा एक गोळा पोराला द्या. ते दाबेल, तोडेल, नाकाला लावेल. "माती दिली तर खातंय की पोर!" असं पुष्कळ आज्या म्हणतात. खरं आहे. म्हणून लहानाला आधी पीठ, मोठ्याला माती. माती गोठ्याजवळची नको, स्वच्छ जागेची हवी. खेळ झाल्यावर साबणानं हात धुवा.

पाऊस ओसरला की बांधावर तेरडा फुलतो. त्याची पिकलेली बोंडं चिमटीत धरली की फट्‌कन फुटतात आणि बिया उडतात. याच्याइतकी गंमत दुकानातल्या खेळण्यात नाही, असं आमचं मत आहे. भात झोडपून झालं की पेंढ्यात लोळू द्या. अंगाला खाज सुटेल, सुटू द्या. आंघोळ घातली की झालं.

आता बियांविषयी नीट ऐका. आमच्या ओळखीच्या एका घरी पोरानं चिंचोका नाकात घातला. घरच्यांनी काडीनं उकरला, तो आणखी आत गेला. असं कधी करू नका. सरळ दवाखान्यात न्या. तीन वर्षांखालच्या पोराला चिंचोके, सागरगोटे, वाटाणे देऊच नका. श्वासनळीत अडकले तर जिवावर बेततं.

आणि काजूची कच्ची बी! आपल्याकडं उन्हाळ्यात ती घरोघरी वाळत पडते. तिच्या टरफलात जहाल तेल असतं. कातडीला लागलं की फोड येतात. पोर बी चावलं तर ओठ भाजतात. बी उंचावर वाळवा. बोंडू मात्र धुऊन पोराच्या हाती द्या. त्याचा वास घेऊ दे. एखादा तुकडा चाखू दे. घसा खवखवला की तोंड वाकडं करील, मग विचारा, "कसं लागलं?" तुरट हा शब्द ते जन्मात विसरणार नाही.

वैशाखात करवंदं येतात. पिकलेलं करवंद हातात धरून पोराला विचारा, "कोंबडा की कोंबडी?" मग बी काढून त्याला अर्धं करवंद द्या. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हा खेळ तुम्ही लहानपणी खेळलाच असाल. पोराबरोबर पुन्हा खेळा, आणि या वेळी त्याला जिंकू द्या.