जुनी सतरंजी मोबाइलवर विकताना

ताईंनो, लग्नकार्याला घेतलेल्या सतरंज्या, जाजमं, गालिचे माळ्यावर पडून असतात. कसर-उंदीर लागायच्या आधी विकले तर घरात चार पैसे येतील. त्यासाठी एवढं करा.

१. आधी झटकून स्वच्छ करा, उन्हात पूर्ण वाळवा. दमट माल गुंडाळला की कुबट वास येतो.

२. लांबी-रुंदी फुटांत मोजा, वजन करा, लिहून ठेवा.

३. फोटो दिवसाउजेडी काढा: पूर्ण वस्तू, काठ, उलटी बाजू. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या मागे गाठी दिसतात. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो तसला नव्हे. जे आहे तेच लिहा.

४. डाग, भोक, उसवण यांचा जवळून फोटो टाका. लपवलं तर माल परत येतो आणि गटाचं नाव जातं.

५. भाव ठरवण्याआधी कुरिअरचा खर्च विचारा. ८०० रुपये भाव आला, पाठवायला २५० लागले, तर हाती ५५०च. पार्सलचा आकार मोठा असला तरी दर वाढतो, म्हणून घट्ट गुंडाळी करा.

६. सगळ्यात महत्त्वाचं: पैसे घ्यायला पिन लागत नाही. "कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एका वस्तूचे फोटो आणा. शेजारणीला त्यात डाग दिसला पाहिजे!