चरबीच्या दिव्यापासून चिमणीपर्यंत : उजेडाचा सामाजिक इतिहास

इतिहासाच्या पुस्तकांत राजे, लढाया आणि तह यांना जागा मिळते. सामान्य माणसाच्या घरात रात्री उजेड कशाचा होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक, कष्टकऱ्याला स्वतःसाठी उरणारा वेळ हा बहुधा रात्रीचाच असतो.

बाजारपेठेपासून दूर राहणाऱ्या माणसाने भोवताली जी चरबी वा जे तेल मिळाले तेच जाळले. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक मऊ दगडाच्या उथळ दिव्यात सील माशाची म्हटली जाणारी, पण खरे तर त्या सस्तन प्राण्याची चरबी आणि शेवाळाची वात वापरीत. तोच दिवा घर उबदार ठेवी व बर्फ वितळवून पाणी देई. आपल्या कोकणात उंडीचे कडू तेल आणि करंजेल, तर जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे तेल दिव्यात पडे.

या दिव्यांमागील शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. ज्योतीत जळते ती तेलाची वाफ. वातीच्या तंतूंमधून तेल वर चढते, उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती पेट घेते. हवा अपुरी पडली की काजळी धरते. चरबी किंवा थंडीत थिजणारे मोहाचे तेल वातीत सहज चढत नाही; म्हणून असा दिवा उथळ असतो व ज्योत इंधनालगत ठेवतात, म्हणजे तिच्याच उबेने ते पातळ होत राहते.

रॉकेल पातळ असल्याने वातीत उंच चढते. त्यामुळे औषधाची रिकामी बाटली, भोक पाडलेले झाकण, पत्र्याची नळी आणि चिंधीची वात एवढ्यावर घरोघरी चिमणी तयार झाली. मात्र ती कलंडली की भडका उडे. श्रीलंकेतील शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडकुंबुरा यांनी भाजलेले रुग्ण पाहून बुटका, जड, सपाट बाजूंचा आणि पेचाच्या झाकणाचा सुरक्षित दिवा घडविला.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, त्याच मुंबईत, परळच्या चाळीतील एका खोलीत बाबासाहेब रात्री दोन वाजता उठून मिणमिणत्या दिव्याजवळ अभ्यासाला बसत. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. आपल्या दिंडोशीलगतच्या जंगलातील आदिवासी पाड्यांनीही शहराचा झगमगाट कित्येक वर्षे दुरूनच पाहिला. अंधाराची सीमा नेहमीच दूरच्या मुलखात नसते. ती शहराच्या मध्यावरही आखली जाते, आणि आखणारी माणसेच असतात.

विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांना विचारावे : तुमच्या घरी कोणता दिवा होता, त्यात काय जळे आणि त्या उजेडात कोण शिकले? मिळालेली उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. आपल्या समाजाच्या इतिहासाची ती अस्सल साधने ठरतील.