जेनी लिंड पोल्का : लोकधून कुणाची?

‘जेनी लिंड पोल्का’ ही इंग्लिश लोकधून समजली जाते. पण मी तिचे कूळ शोधू लागलो, तो इंग्लंडचे असे फारसे काही हाती येईना! पोल्का नाच बोहेमियातला. लंडनला तो १८४४ मध्ये रुजला. नाव स्वीडिश गायिकेचे. तिने १८४७ मध्ये लंडनला वेड लावले. रचना जर्मन व्हायोलिनवादक वॉलरस्टाइन यांची मानतात. मग ही लोकधून कशी? माझ्या मते, वापराने. खेड्यापाड्यांतल्या वादकांनी ती कानाने उचलली, फिडल-कॉन्सर्टिनावर घोळवली. दोन मात्रांचा ठेका. आठ-आठ आवर्तनांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा. अशा ३२ आवर्तनांत नाचाची एक फेरी पुरी होते. नाचणाऱ्याचे पाऊल अडखळता कामा नये, हीच वादकाची चिंता. कर्त्याचे नाव मागे पडले ते याच धांदलीत.