मुठीतून निसटणारी वाळू

मुक्ता : आत्या, एडगर ॲलन पोची ‘अ ड्रीम विदिन अ ड्रीम’ वाचली. सगळं स्वप्नच आहे, असं तो म्हणतो. म्हणजे आपल्याकडे जगाला माया म्हणतात, तसंच ना?

आत्या : पहिल्या कडव्यापुरतं तसं वाटतं खरं. निरोप घेताना तो समोरच्या व्यक्तीच्या कपाळाचं चुंबन घेतो आणि आपलं आयुष्य स्वप्नासारखं गेलं, हे मान्य करतो. कडवं संपतं ते ठाम विधानावर. आपल्याकडचा वेदान्ती इथे शांत झाला असता. पोला ते जमत नाही.

मुक्ता : मग एकदम समुद्र कुठून आला?

आत्या : तीच तर गंमत आहे. लाटा गरजताहेत, हातात सोनेरी वाळूचे मोजके कण आहेत आणि तेही बोटांमधून निसटताहेत. तो रडतो. निदान एक कण तरी लाटेपासून वाचवता येणार नाही का, असं देवाला विचारतो. सगळं स्वप्नच असेल, तर एका कणासाठी एवढा आकांत कशाला गं? आता शेवट बघ. पहिल्या कडव्यातलं तेच विधान परत येतं, पण प्रश्न होऊन. चोवीस ओळींची कविता. तिचा सगळा जीव मला त्या प्रश्नचिन्हात दिसतो.

मुक्ता : बायकोचं दुःख असेल. व्हर्जिनिया १८४७ मध्ये क्षयाने गेली आणि कविता १८४९ ची.

आत्या : तसं वाचायचा मोह होतो. पण निसटणारी वाळू त्याच्या १८२९ च्या एका कवितेतही आहे! तेव्हा तो जेमतेम विशीचा, लग्नही झालेलं नव्हतं. तिथे आशा आकाशातल्या विजेसारख्या दिमाखात निघून जातात आणि मीही तसाच जाईन, असं तो ऐटीत सांगतो. १८४९ मध्ये ती ऐट उरलेली नाही. वाळू तीच, पण आता सोनेरी. आणि तिच्यासाठी तो रडतोय. जुन्या प्रतिमेत नंतरचं दुःख उतरलं असावं, असं मला वाटतं.

मुक्ता : आणि त्या प्रश्नाचं उत्तर?

आत्या : तो देत नाही. मार्चअखेर कविता बॉस्टनच्या साप्ताहिकात छापून आली, ऑक्टोबरमध्ये तो गेला. पण मला विचारशील तर सगळं स्वप्न आहे, यावर त्याचा स्वतःचाच विश्वास उरलेला नाही. नाहीतर त्याने तेच विधान दुसऱ्यांदाही ठणकावून केलं असतं.