पाच पौंडांचा हिशोब

“पाच पौंडांसाठी कुणी एवढं ताणतं का?” हे इतक्या जणांनी ऐकवून झालंय की आता लिहूनच टाकते. पाच पौंड माझे होते. तिथे बसलेल्या प्रत्येकाचे पाच-पाच होते, आणि काहींचे दहा. ज्याला हिशोब नको असेल त्याने खुशाल खेळत राहावं.

रेडिंगमधल्या आमच्या पबात मंगळवारी पोकरची स्पर्धा असायची. इंग्लंडात असे डाव गावोगाव चालतात, कारण आठवड्याच्या मधल्या वारी गल्ला थंड असतो आणि पत्त्यांच्या निमित्ताने बिअर खपते. २००५च्या जुगार कायद्याखाली पबना त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, पण अटी आहेत. माणशी एका स्पर्धेला जास्तीत जास्त ५ पौंड, आणि त्यात रीबाय, म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून खेळणं, हेही आलं. पबात दिवसभरात सगळ्यांचे मिळून १०० पौंड, त्यावर नाही. बसायची फी घ्यायची नाही आणि जमलेल्या पैशातून एक पेनीही कापायची नाही. एका पबातला डाव दुसऱ्या पबातल्या डावाला जोडायचा नाही. हे मला आधीपासून माहीत होतं. आयोजकालाही माहीत होतं, कारण हेच नियम तो नव्या माणसांना मोठ्या तोऱ्यात सांगायचा. मला मात्र दर वेळी फ्लश म्हणजे काय ते समजावायचा. “डार्लिंग, पाचही पत्ते एकाच रंगाचे हवेत हं.” तीन पत्तीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे!

त्या मंगळवारी आम्ही १८ जण होतो, दोन टेबलं. फळ्यावर ‘रीबाय नाही’ असं ठळक लिहिलेलं. प्रत्येकाला ५,००० च्या चिप्स. जमा ९० पौंड, बक्षिसं ५०, २५ आणि १५. दहा वाजून गेल्यावर तिघं उरलो : मी, दिवाळीच्या फराळाला भेटणारा एक नागपूरकर आणि आयोजकाचा जुना दोस्त. दोस्ताने सुचवलं, चिप्सच्या प्रमाणात पैसे वाटून घेऊ आणि घरी जाऊ. असा प्रस्ताव नेहमी मोठ्या ढिगाचा मालकच मांडतो. मी म्हटलं, आधी मोजू.

त्याच्याकडे ७०,०००, माझ्याकडे ३०,०००, नागपूरकराकडे २५,०००. मोबाइलवर टक्केवारी काढली, तर दोस्ताचा वाटा निघाला ५० पौंड ४० पेनी. पहिल्या बक्षिसापेक्षा जास्त, तेही न जिंकता! हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बेरीज डोक्यात शिरली. सव्वा लाख. अठरा पंचे नव्वद, म्हणजे खोलीत चिप्स हव्यात नव्वद हजारांच्या. मध्ये बारीक चिप्स बदलून मोठ्या देतात तेव्हा शे-दोनशेचा फरक पडतो. पस्तीस हजारांचा पडत नाही. पस्तीस हजार म्हणजे सात जणांची पुन्हा एकदा भरती. म्हणजे ३५ पौंड. ते बक्षिसांत नव्हते, आणि एकूण जमा १२५ झाली होती.

मग आठवलं. पलीकडच्या टेबलावरचा एक उंच माणूस बाद होऊन सिगारेट ओढायला गेला होता, आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच खुर्चीत, पुढ्यात चिप्सचा नवा कोरा ढीग. मी तेव्हा विचारलंही होतं. “तो उशिरा आलाय,” असं उत्तर मिळालं होतं.

आयोजकाला बाजूला घेऊन विचारलं. आधी हसला. “चुकून जास्त वाटल्या गेल्या असतील, डार्लिंग.” मग स्वतः मोजायला बसला, अगदी सावकाश, मनोरे रचत. तेवढ्याच भरल्या. मग म्हणाला, ते पैसे वर्षअखेरच्या फायनलसाठी बाजूला ठेवलेत. एका श्वासात चूक, दुसऱ्या श्वासात निधी! चूक असेल तर पैसे आलेच कुठून, हे विचारलं तेव्हा तो माझ्याशी बोलायचा थांबला. डार्लिंगही थांबलं, एवढंच बरं झालं.

त्याचा राग एक वेळ ओसरेल. नागपूरकराचा नाही. त्याने आकडे ऐकले, मान डोलावली आणि मराठीत म्हणाला, “जाऊ दे न बाप्पा, आपण इथे पाहुणे.” पाहुणा! याच्या खिशात ब्रिटिश पासपोर्ट आहे आणि नावावर दोन घरं. नंतर ओळखीच्यांत त्याने पसरवलं की मी हरले म्हणून तमाशा केला. वाटणी मी नाकारली, डाव पुढे चालला, हा तिसरा आला आणि मी दुसरी. २५ पौंड घेऊन घरी आले.

असे डाव खेळणार असाल तर मध्यंतरात एक गुणाकार करा : आलेली माणसं गुणिले सुरुवातीच्या चिप्स. शेवटच्या टेबलावर तेवढीच बेरीज यायला हवी. फळ्याचा फोटो खेळ सुरू होण्याआधीच काढा, कारण फळा नंतर पुसला जातो. ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स, किती मिनिटांनी चढणार ते लेखी मागा. ५,००० ची सुरुवात आणि २५-५०चे ब्लाइंड ऐकायला छान वाटतं, पण दर दहा मिनिटांनी दुप्पट होणार असतील तर तासाभरात ती लॉटरी होते.

वाटणी करायचीच असेल तर आधी प्रत्येकाला सगळ्यात लहान बक्षीस द्या आणि उरलेलं प्रमाणात वाटा. आमच्या डावात तसे १५-१५ देऊन ४५ पौंड उरले असते, आणि माझा वाटा २१ पौंड ६० ऐवजी २५ पौंड ८० झाला असता. हाही काटेकोर हिशोब नव्हे, पण निदान उघड लूट नाही.

बाकी नेहमीचंच : खेळताना पिऊ नका, ठरवलेले पैसेच घेऊन जा, कार्ड घरी ठेवा.

तक्रार आयोजकाकडे करण्यात अर्थ नसतो. पबचा परवाना ज्याच्या नावावर, त्याला गाठा. आमचा म्हणाला, “तो गिऱ्हाईक आणतो, मी त्यात पडत नाही.” मग कौन्सिलच्या परवाना विभागाला फोटोसकट लिहिलं. नोंद घेतल्याचं उत्तर आलं. मंगळवार चालूच आहेत.

मी आता घरी डाव मांडते. खासगी घरात फी न घेता खेळायला कायद्याची आडकाठी नाही. चिप्स सगळ्यांसमोर मोजून वाटते आणि पैसे टेबलाच्या मधोमध बरणीत असतात. नागपूरकराने परवा निरोप पाठवला, जागा आहे का. टेबल आठ जणांचं आहे. सध्या सहा येतात. आठ झालेत, असं कळवलं.