उरलेले चार तास

काल तुझ्या टेबलावरचं वेळापत्रक बघितलं गं. पट्टीने रेघा मारून, चार रंगांत. पहाटे चार ते सहा गणित, संध्याकाळी पाच ते आठ विज्ञान. पोटात तुटलं माझ्या. अकरावीला मीही अगदी असंच केलं होतं, कोथरूडच्या एका मैत्रिणीचं बघून. तिचं कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर, आणि मी पौडहून बसने जाणारी. पहिल्याच आठवड्यात चांदणी चौकात बस तासभर अडकली. पाचचं विज्ञान हुकलं, मग वाटलं, आजचा दिवस गेलाच, आणि जेवून मोबाइल घेतला तो साडेअकरापर्यंत. पुढे रोजच तसं होऊ लागलं. आईला वाटायचं, पोरगी आळशी झाली. मलाही तेच वाटायचं. हे आजवर कुणाला बोलले नाही.

म्हणून आधी तुझा खरा दिवस मोज. झोपेचे आठ तास, त्यांना हात लावायचा नाही. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात ती मुळातच उशिरा येते. त्यासाठी स्वतःला बोल लावू नकोस. कॉलेजचे सहा. जाणं-येणं आणि थांब्यावरची वाट मिळून तीन. अंघोळ, जेवण, घरकाम तीन. उरले चार. तेवढ्याचंच वेळापत्रक कर.

बसमध्ये वाचू नकोस, पिरंगुट यायच्या आत मळमळायला लागतं. खिडकीला डोकं टेकव आणि आज काय शिकवलं ते मनातल्या मनात आठव. अडलं की तळहातावर पेनाने एक शब्द लिहायचा आणि घरी आल्यावर आधी तेवढंच काढून बघायचं. माझी अर्धी केमिस्ट्री अशीच झाली. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्येच दाखवून दिलंय, शिकलेलं पहिल्या दिवसातच सगळ्यात भराभर विसरतं. बाबांची भाताची रोपं बघतेस ना? तीन-साडेतीन आठवड्यांची झाली की लावायचीच; उशीर झाला की फुटवे कमी येतात. उजळणीचंही तसंच.

आणि जुलैतले लावणीचे आठ दिवस सरळ मोकळे सोड. दिवसभर खाचरात वाकलेल्या पोरीने रात्री फिजिक्स वाचावं, असं मी तरी म्हणणार नाही. मुळशी धरणाच्या पाण्यावर तिकडे भिऱ्याला वीज होते, पण पावसात आपल्याकडची लाइट जातेच. म्हणून लिहायचं काम उजेडात उरकून घे.

राहिलं घरकाम. संध्याकाळची सगळी भांडी तुझ्याच वाट्याला का, हे मी आज आईशी बोलते. धाकटाही आता आठवीत आहे, त्याचेही हात चालतात. तू फक्त रात्री दहाला मोबाइल माझ्या खोलीत, खिडकीत आणून ठेव. माझाही तिथेच असेल.