रक्त पातळ करणारी गोळी आणि घरची सुश्रूषा



धामणगाव बढे आणि आसपासच्या खेड्यांतल्या वस्त्यांत फिरताना छातीवर उभा व्रण असलेली माणसे आम्हांला भेटतात. त्यांत तिशीच्या आतल्या बायाही असतात. लहानपणी घसा दुखला, ताप आला, गुडघे-कोपरे सुजले, चार दिवसांनी उतरले म्हणून कोणी मनावर घेतले नाही. त्याच तापाने हृदयाची झडप खराब केली. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात तिथे घशाचा संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे लवकर जातो. म्हणून हा आजार बंगल्यांत कमी आणि वस्तीत जास्त दिसतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या आणि आता महात्मा जोतिराव फुले यांचे नाव असलेल्या योजनेमुळे झडप बदलण्याचे ऑपरेशन गरिबाच्याही आवाक्यात आले. पण ऑपरेशन झाले म्हणजे संपले, असा समज घरोघरी आहे. धातूची झडप बसवलेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो, आणि दोन्हींत जीव जाऊ शकतो. दवाखान्यात हे पाहायला सिस्टर असते. घरी ते काम सासूने, नवऱ्याने, लेकीने करायचे असते.

विनयपिटकातल्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. पोट बिघडून तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी जवळ जात नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन स्वच्छ अंथरुणावर निजवले. तिथेच पुढे, चांगला शुश्रूषक कोण, हे सांगितले आहे. त्याला औषध देता यावे, रोग्याला काय चालते आणि काय चालत नाही ते कळावे, आणि मल-मूत्र, थुंकी, उलटी यांची त्याला किळस नसावी. ही शेवटची गोष्ट या गोळीच्या बाबतीत फार कामाची आहे. का, ते पुढे येईल.

आधी गोळी समजून घेऊ. ‘रक्त पातळ होते’ असे आपण म्हणतो, पण रक्तात पाणी वाढत नाही. रक्त गोठायला लागणारे काही घटक यकृत तयार करते आणि त्यासाठी त्याला के जीवनसत्त्व लागते. ही गोळी त्या कामात अडथळा आणते, म्हणून रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. आपल्याकडे बहुतेकांना एसिनोकुमॅरॉल मिळते. एसिट्रॉम हे तिचे बाजारातले नाव. काहींना वॉर्फरिन असते. एसिनोकुमॅरॉललाच निकुमलोन असेही म्हणतात. घरात एका डॉक्टरची एसिट्रॉम आणि दुसऱ्याची निकुमलोन अशा दोन चिठ्ठ्या आल्या, तर एकच औषध दुप्पट पोटात जाईल. शिवाय ही गोळी १, २, ३, ४ मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीची येते. मेडिकलवाल्याकडे दोनची नसली आणि त्याने चारची दिली, तर पाकीट जवळपास तसेच दिसते. म्हणून नवीन पाकीट आणले की जुन्याशेजारी ठेवून मिलिग्रॅमचा आकडा वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या वेगळ्या. त्या रक्तातल्या बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाहीत. हार्ट अटॅक आलेल्यांना त्या मिळतात. काहींना दोन्ही प्रकार चालू असतात, पण ते डॉक्टरने ठरवायचे. शेजाऱ्याची ‘हृदयाची गोळी’ आपल्याला चालत नाही.

‘ही तर उंदराची औषध आहे,’ असे कोणीतरी सांगते आणि माणूस गोळी बंद करतो. बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन भागात बुरशी लागलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरत होती. १९३३ मध्ये एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन तिथल्या विद्यापीठात कार्ल लिंक या शास्त्रज्ञाकडे गेला. बुरसटलेला कडबा जनावराला घालू नये, हे आपल्या माणसालाही माहीत असते. लिंक यांनी त्यातले कारण शोधले. त्याच शोधातून वॉर्फरिन निघाले. १९४८ पासून ते उंदरांसाठी आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरात आले. माणसाला ते मोजून आणि तपासून देतात, फरक तेवढाच आहे आणि तोच सगळ्यात मोठा आहे.

मोजायचे कसे? त्यासाठी पी.टी.-आय.एन.आर. नावाची रक्ताची तपासणी आहे. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. धातूच्या झडपेच्या माणसाचा साधारण २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात, झडप कोणती आणि कुठे बसवली आहे त्यावर. तुमचा आकडा किती हवा, ते डॉक्टरकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. डोस बसेपर्यंत तपासणी लवकर लवकर, आणि बसल्यावर साधारण महिन्याला. दोन महिने, चार महिने तपासणीच नाही, असे आम्ही पुष्कळ पाहतो. कारणे खरी आहेत. मोताळ्याला किंवा बुलढाण्याला जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, वर भाडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होते का, नमुना कोणत्या दिवशी घेतात, हे आशाताईमार्फत विचारा. होत नसेल तर चार-पाच रुग्णांच्या सह्यांचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारणाऱ्याला ‘उद्या या’ ऐकावे लागते, अर्जाला उत्तर द्यावे लागते.

शंभर पानी वही पुरते. तारीख, आय.एन.आर.चा आकडा, रोजचा डोस, आणि गोळी घेतली की खूण. गोळी संध्याकाळी एका ठरावीक वेळी घ्या. विहारात वंदना असते ती वेळ धरली तरी चालेल. संध्याकाळीच का, तर सकाळी रक्त दिले आणि दुपारी डॉक्टरने डोस बदलला, तर त्याच दिवशी बदलता येतो. एखादी गोळी राहिली आणि झोपायच्या आधी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर कालची सोडून द्या आणि वहीत लिहा. दोन एकदम घेऊ नका. १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना गोळ्या पेटीत ठेवू नका. पेटी हरवते, गर्दीत मागे राहते. चार दिवस जास्तीच्या गोळ्या आणि वहीच्या पहिल्या पानाचा फोटो अंगावरच्या पिशवीत असू द्या.

आता इंजेक्शनचे. आपल्याकडे अंग दुखले, ताप आला, की माणूस गावातल्या डॉक्टरकडे जाऊन कमरेत सुई मागतो आणि मिळतेही. गोळी चालू असलेल्या माणसाला ही सुई धोक्याची आहे. मांसात आतल्या आत रक्त साचते. कुल्ला दगडासारखा घट्ट होतो, काळानिळा पडतो, आणि तोवर शरीरातले बरेच रक्त तिथे गेलेले असते. त्यात ती सुई डायक्लोफिनॅकची असेल तर दुहेरी नुकसान, कारण डायक्लोफिनॅक आणि ब्रुफेन पोटात जखम करून रक्तस्राव घडवतात. अंगदुखीला साधी पॅरासिटामॉल चालते, तीही एखाद-दोन दिवस. रोज घेतली तर आय.एन.आर. वाढतो. एक अपवाद मात्र आहे. संधिवाताच्या तापाच्या रुग्णांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन असते. ते हृदयाच्या डॉक्टरने चालू ठेवायला सांगितले असेल तर मनाने बंद करू नका. ताजा आकडा दाखवून ते दवाखान्यातच घ्या आणि नंतर ती जागा दहा मिनिटे दाबून धरा, चोळू नका. टीटीची सुई घेण्याआधी, दात काढण्याआधीही गोळीचे सांगा. दात काढायचा म्हणून आपल्या मनाने आठवडाभर गोळी बंद करणे, ही गुठळीची सरळ वाट आहे.

वावरात साप चावला तरीही पहिल्यांदा हेच सांगा. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठू देत नाही. म्हणून दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठते का ते बघतात. गोळीमुळेही ते न गोठू शकते, आणि हे माहीत नसले तर डॉक्टरचा अंदाज चुकेल.

दुसरी औषधेही गोळीचे काम बदलतात. टीबीचे रिफाम्पिसिन गोळीचा जोर पार कमी करते. जुलाबावर सर्रास मिळणारे मेट्रोनिडॅझोल तो वाढवते. त्यामुळे कोणतेही औषध सुरू झाले किंवा बंद झाले, की आठवड्याच्या आत तपासणी. ताप, जुलाब, दोन-तीन दिवस जेवण न जाणे, कावीळ, यांतही आकडा चढतो. दारूचे तर सांगायलाच नको.

खाण्याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. ‘पालेभाजी बंद’ असे सांगून गरिबाच्या ताटातली एकमेव स्वस्त भाजी काढून घेऊ नये. मेथी, पालक, तांदुळजा, शेवग्याचा पाला यांत के जीवनसत्त्व असते हे खरे. पण एरवी नाही आणि थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून रोज दोन वेळा, असे केले तरच गोळी कमी पडते. आठवड्यात जेवढी खाता तेवढीच बारा महिने खा, डॉक्टर त्यावर डोस बसवतो. भाजीतली हळद, लसूण, आले यांना हरकत नाही. लसणाच्या कॅप्सूल आणि अनोळखी चूर्ण घेऊ नका.

आता महावग्गातल्या त्या किळस नसलेल्या शुश्रूषकाकडे येऊ. रक्तस्राव आधी कुठे दिसतो? लघवी लाल किंवा चहासारखी होते. शौच डांबरासारखे काळे, चिकट, घाण वासाचे होते. लोहाच्या गोळीनेही शौच काळे होते, पण ते असे चिकट नसते. शंका आली तर दाखवून खात्री करा. रुग्ण लाजतो, म्हणून घरच्याने विचारायचे, आणि विचारून भागत नसेल तर बघायचे. हिरड्यांतून रक्त, दहा मिनिटे नाक दाबूनही न थांबणारा घोळणा, न लागता अंगावर निळे डाग, एकाएकी सुजलेला गुडघा, पाळीत नेहमीपेक्षा खूप जास्त अंगावर जाणे, यांतले काहीही दिसले की त्याच दिवशी दवाखाना. डोक्याला मार लागला तर रक्त दिसो न दिसो, लगेच. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनीही कळतो. दात मऊ ब्रशने घासा, राखुंडी आणि मिश्री सोडा. विळा-कुऱ्हाडीचे काम दुसऱ्याला द्या, आणि पऱ्हाटीत अनवाणी जाऊ नका.

आणि गुठळी? धातूच्या झडपेचा बारीक टिकटिक आवाज रात्री शांततेत रुग्णाला स्वतःलाही येतो. तो आवाज मंद झाला, बंद झाला, आणि दम लागू लागला, तर झडपेवर गुठळी बसली असण्याची शक्यता धरा आणि १०८ ला फोन करा. अशा वेळी गुठळी विरघळवणारे औषध देतात. दिल्लीच्या एम्समध्ये अशा १२० रुग्णांना स्ट्रेप्टोकायनेज देऊन केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बऱ्याच जणांना पूर्ण गुण आला नाही. न चुकवलेली गोळी या औषधापेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

हेच औषध, किंवा त्याच जातीचे टेनेक्टेप्लेज, हार्ट अटॅकमध्ये देतात. ते पहिल्या काही तासांत जितके लवकर, तितके चांगले. बारा तासांनंतर उपयोग फारसा राहत नाही. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांत मुदत आणखी कमी, साडेचार तास. तेही मेंदूचा सिटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. धामणगावाहून निघून मोठे रुग्णालय गाठेपर्यंत यातला बराच वेळ रस्त्यात जातो. म्हणून १०८ वर सांगताना ‘अंगावरून वारे गेले’ एवढे पुरत नाही. त्रास किती वाजता सुरू झाला आणि कोणती गोळी चालू आहे, हे सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे औषध देता येईल की नाही, हे त्यावरच ठरते.

औषध दिल्यावर पहिले २४ तास रुग्णाला उठवू नका, दाढी करू नका, दात घासू नका. त्याच्याशी अधूनमधून बोलत राहा. बोलणे बदलले, डोके फुटल्यासारखे दुखले, उलटी झाली, सलाईनच्या जागेतून रक्त झिरपले, तर सिस्टरला तिथल्या तिथे हाक मारा. ती चिडेल म्हणून थांबू नका. आम्ही त्या खुर्चीत बसलो आहोत, अशी हाक आलेली बरी असते. सुटीच्या कागदावर स्ट्रेप्टोकायनेज लिहिले असेल तर तो कागद जपा, कारण शरीर त्याच्या विरोधात तयार होते आणि तेच औषध पुन्हा देत नाहीत.

शेवटी लेकी-सुनांचे. ऑपरेशन लपवून लग्न लावतात आणि मग मुलगी सासरी गोळ्या धान्याच्या डब्यात लपवून खाते, किंवा खायचेच सोडते. हे लपवणे तिच्या जिवावर येते. लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांना सांगा, हवे तर विहारात ज्येष्ठांसमोर सांगा. या गोळीने पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. म्हणून मूल हवे असेल तर आधीच हृदयाच्या डॉक्टरला भेटायचे. पाळी चुकली तर वाट न पाहता जायचे. ते काही काळ हेपॅरिनची पोटावरची सुई देतात किंवा डोस बदलतात. भीतीने स्वतःच गोळी बंद केली तर झडप अडकून आईच जाते. पाळणा लांबवण्याच्या गोळ्याही विचारल्याशिवाय सुरू करू नका, त्यांतल्या काहींनी गुठळीचा धोका वाढतो. बाळंत झाल्यावर वॉर्फरिन किंवा एसिनोकुमॅरॉल घेणारी आई बाळाला अंगावर पाजू शकते. त्याला कोणी आडकाठी करू नये.

१४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात मात्र गोळीवाल्यांनी रक्त देऊ नये. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या पोरांनी प्रत्येकाला गोळीचे विचारावे.